पडदा लग्नातच अडकतो

अल्लीपूर
९ जानेवारी २०२५

ती. रूपराव मोठेबाबा,

मी सुरभी, तुमच्या भावाची, नानाजींची लहानी. नमस्कार करते. तुम्ही म्हणाल, बाप गेल्यावर चार वर्षांत या पोरीला चुलत्याची आठवण झाली नाही आणि आता काम पडलं तर कागद घेऊन बसली. म्हणा. खरंच आहे ते.

फोनच करणार होते. पण मोठ्या आईने सांगितलं की तुमचे कान आता 'हॅलो'च्या पुढे जात नाहीत, आणि मोबाईलवर कोणी काही पाठवलं तर तुम्ही म्हणता, काम असन तर कागदावर लिहा. म्हणून लिहिते आहे.

लग्न होऊन अल्लीपूरला आले तेव्हापासून मी फोटो काढते. लग्न, बारसं, डोहाळजेवण. बाई फोटो काढते म्हटल्यावर बायका मोकळ्या बसतात, त्यामुळे आजूबाजूच्या पाच-सहा गावांतून बोलावणं येतं. कॅमेरा मिररलेस आहे, म्हणजे आत आरसा नसलेला. दोन वर्षं चांगला चालला. दिवाळीपासून मात्र त्याने छळ मांडला आहे. मध्येच अडकतो आणि मागच्या पडद्यावर पाटी येते: शटरमध्ये बिघाड, कॅमेरा बंद करून पुन्हा चालू करा.

गेल्या रविवारी हद्द झाली. मंगलाष्टकं संपली, अंतरपाट निघाला, अक्षता उडाल्या आणि पाटी आली! मी बंद करून चालू करेपर्यंत हार घालून झाले होते. नवरीची आई जवळ येऊन म्हणाली, "घेतला नं बाई तो फोटो?" मी हो म्हटलं. खोटं बोलले मोठेबाबा. त्या माउलीचा चेहरा डोळ्यांपुढून जात नाही.

वर्ध्याच्या दुकानात दाखवला. त्यांनी शंभर फोटो काढून बघितले, एकदाही अडकला नाही. मलाच म्हणाले, तुमचा वापर चुकत असेल.

आता खरं सांगते. २३ फेब्रुवारीला माझ्या नणंदेचं, उज्वलाचं लग्न आहे. ती म्हणते, फोटो काढेल तर वहिनीच. माझे सासरे भैय्याजी मामाजी मात्र पाहुण्यांसमोर अंगणात बसून म्हणतात, "हा डब्बा ऐन टायमाले दगा देईन. वर्ध्यावून दुसरा फोटोवाला सांगा." माझे मालक शुभम दोघांच्या मध्ये बसून पान खातात. उज्वलाच्या लग्नात कॅमेरा माझ्या हातात नसला, तर या घरात आणि या गावात मला पुन्हा कोणी फोटोग्राफर म्हणणार नाही. बाबा म्हणायचे, रूपरावदादाला कॅमेऱ्याचं दुखणं नाडी धरल्यासारखं कळतं. धरा ना हिची नाडी.

मामाजी भाजी घेऊन हिंगणघाटला निघाले आहेत, त्यांच्याजवळच पाकीट पोस्टात टाकायला देते.

तुमची,
सुरभी

•

नाचणगाव
संक्रांत

सुरभी बेटा,

तुही शुद्ध भाषा वाचून मले वाटलं तहसीलीतून नोटीसच आली. मंग 'नानाजींची लहानी' वाचलं अन् चष्मा पुसा लागला. चार वर्ष काऊन लिहिलं नाई, हे मी इचारत नाई. म्याच कोणतं लिहिलं?

आता ऐक. माहे हात कापतात. दुकान बंद केलं त्याले सहा वर्ष झाले. स्क्रू धरला का तो दुसरीकडेच जाते. तवा मी तुहा कॅमेरा उघडणार नाई. पण दुखणं शोधाले हात लागत नाई, डोस्कं लागते. ते अजून कापत नाई.

मी जन्मभर एक नियम पाळला. गिऱ्हाईक 'बिघडला' म्हणे, मी त्याले वही देऊन वापस पाठो. पंधरा दिवस लिही म्हणो, कवा बिघडते, कुठं बिघडते, त्याच्या आंधी काय झालतं. लोक मले येडा म्हणत. पण अर्धे दुखणे वहीतच सापडत. कॅमेरा खोटं बोलत नाई पोरी, मालक बोलते. तू त्या नवरीच्या मायशी बोललीच नं!

तर तूही लिही. बॅटरी बदलून पाह्य. कार्ड बदल. लेन्स बदल. जिथं लेन्स बसते तिथले पितळी टिपके सुक्या सुती फडक्यानं पूस. हे सारं एकाच दिवशी करजो नको, एका वेळी एकच. चार गोळ्या संगच खाल्ल्या तर ताप कोणत्या गोळीनं उतरला ते कळत नाई.

दुसरं, या नव्या कॅमेऱ्याले दोन शटर असतात म्हणतात. एक खरंखुरं, पात्या हलणारं, अन् एक नुसतं विजेवरचं, आवाज न करणारं. दुसऱ्यानं काढून पाह्य. त्यानंही अडकला तर दुखणं डोक्यात हाय, म्हणजे आतल्या सर्किटात. नाई अडकला तर शटरच्या पडद्यात, त्याच्या पात्यात.

तिसरं, कॅमेरा बंद केल्यावर पडदा मिटलेला राह्यते का उघडा, ते कळव. अन् तोंडानं फूक मारजो नको. थुंकीचा थेंब आत गेला का मंग देवही वाचवत नाई.

सासऱ्याचं बोलणं मनाले लावून घेऊ नको. भाजीवाला माणूस सौदा करतांनी चांगल्या वांग्यालेही किडकं म्हणते.

रूपराव

•

अल्लीपूर
२८ जानेवारी

ती. मोठेबाबा,

वही लिहिली. नकलून पाठवत नाही, सांगते.

बॅटरी नवी घातली, फरक नाही. कार्ड बदललं, नाही. ठिपके पुसले, नाही. दोन्ही लेन्स लावून पाहिल्या, दोन्हींवर अडकतो. आवाज न करणाऱ्या शटरने एकदाही अडकला नाही, पण त्याने लग्नात काम भागत नाही. हॉलमधल्या दिव्यांखाली फोटोवर काळ्या पट्ट्या येतात आणि वरातीत नाचणारा माणूस वाकडा दिसतो. म्हणजे दुखणं तुम्ही म्हणता तसं पात्यांत.

बंद केल्यावर पडदा मिटतो. लेन्स काढली की आत काळ्या पात्या दिसतात. कामावर निघेपर्यंत मी लेन्स वेगळी ठेवते आणि तोंडावर टोपण लावते, सगळं पिशवीत, आमच्या खोलीतल्या फळीवर.

आता गंमत ऐका. घरी कधीच अडकत नाही. मी वांग्यांचे, कोथिंबिरीच्या जुड्यांचे, सासूबाईंच्या पाठीचे असे दोनशे फोटो काढले. सासूबाई म्हणजे आनंदाबाई. "माही पाठ काहाले काढतं वो?" म्हणून त्या रुसल्या. दोनशेत एकदाही नाही! अडकतो तो कामावर, आणि पहिल्या अर्ध्या तासातच. नंतर दहा-बारा वेळा चालू-बंद केलं की हळूहळू सुधारतो, घरी येईपर्यंत शहाणा. कधीकधी फोटोच्या कोपऱ्यात एक धूसर ठिपका येतो, रबरी फुग्याने हवा मारली की जातो.

पंधरा दिवसांत पाच कामं झाली. तीनदा अडकला. १९ तारखेच्या बारशाला आणि २५ च्या लग्नाला अडकला नाही. का नाही, ते मला कळलं नाही.

घरात परवा पुन्हा विषय निघाला. उज्वलाचे होणारे सासरे आले होते. ते मला म्हणाले, "फोटो चांगले काढता म्हणे तुम्ही." मी काही बोलायच्या आत मामाजी म्हणाले, "काहाचे चांगले! तो डब्बा अर्ध्या टाइम बंदच राह्यते." सगळे हसले. मी चहाचे कप घेऊन आत गेले आणि मोरीजवळ उभी राहून रडले. चांगल्या वांग्याला किडकं म्हणतात ते ठीक आहे मोठेबाबा, पण ते विकत घेताना म्हणतात. मी तर घरातली आहे ना?

सुरभी

•

नाचणगाव
१ फेब्रुवारी

सुरभी बेटा,

वही चांगली लिहिली. नानाजीची पोरगी शोभते.

घरी होत नाई, दुकानात होत नाई, कामावरच होते, अन् तेही सुरुवातीले. म्हणजे घरून निघायच्या आंधी पात्यांत काईतरी जाते, अन् कॅमेरा चालला का ते झडते. ठिपकाही त्याचाच. काय जाते ते पाह्यचं असन तर असं कर. कामावून आल्यावर दाराजवळ उजेडात बस. पांढरा कोरा कागद पसर. लेन्स काढून कॅमेऱ्याचं तोंड खाली कर अन् कागदावर धरून वीस-तीस वेळा बटन दाब. मंग फुगा मार, खालूनच, नळी आत न घालता. कागदावर काय पडते ते पुडी करून मले पाठव.

अन् एक गोष्ट वहीत नाई. १९ अन् २५ ले अडकला नाई. त्या दोन दिवशी घरात काय येगळं होतं? कोण घरी नव्हतं? पिशवीले कोण हात लावते? हे पाह्य.

तुहं रडणं वाचून तुह्या मोठ्या आईनं दोन घास कमी खाल्ले. रडू नको. दुखणं आता हातभर दूर हाय.

रूपराव

•

अल्लीपूर
६ फेब्रुवारी

ती. मोठेबाबा,

हे पाकीट मी स्वतः पोस्टात टाकते आहे. का ते पुढे वाचा.

तुमचं पत्र आलं आणि मी आठवत बसले. १९ तारखेला मामाजी पहाटेच्या गाडीने हिंगणघाटच्या बाजारात गेले होते. २५ ला उज्वलाच्या सासरी बोलणी करायला गेले होते. ते घरी नव्हते त्या दोन्ही दिवशी कॅमेरा चालला.

मी स्वतःला म्हटलं, सुरभी, असं वाईट मनात आणू नये. पण काल सकाळी डोहाळजेवणाचं काम होतं. मी अंघोळ करून आले तर मामाजी आमच्या खोलीतून बाहेर येत होते. या घरात सासरा सुनेच्या खोलीत पाय ठेवत नाही. मला पाहिलं तसे ते दचकले आणि उजवा हात दुपट्ट्यात लपवला. पण मी बोट पाहिलं. लाल होतं.

डोहाळजेवणात पहिल्याच फोटोला पाटी आली. संध्याकाळी घरी आले, तुम्ही सांगितलं तसं कागदावर केलं. लाल भुकटी पडली, मोठेबाबा. आणि थोडं पिवळं. सोबत पुडी आहे. आमच्या अंगणात सध्या मिरची वाळत घातली आहे, निम्मी कुटून झाली. लाल ते तिखट आणि पिवळं ते मिरचीचं बी. दुसरं काय असणार?

उघड बोलले असते, सून फोटो काढत फिरते ते आवडत नाही म्हणाले असते, तर मी भांडले असते, नाहीतर ऐकलं असतं. पण हसतहसत चहा प्यायचा आणि मागून कॅमेऱ्यात तिखट घालायचं! कॅमेरा गेला तरी मी मजुरी करून दुसरा घेईन. पण या माणसाला उद्यापासून ताट कशी वाढू?

शुभमला सांगितलं नाही. बापाबद्दल काय सांगू त्यांना? सोमवारी सकाळच्या गाडीने मी देवळीला आईकडे जाते. उज्वलाचे फोटो दुसरं कोणी काढेल. परत यायचं की नाही, ते तिथे जाऊन ठरवीन. सामान बांधलं आहे.

सुरभी

•

अल्लीपूर
६ फेब्रुवारी

रूपरावजीले भैय्याजीचा रामराम.

मी सुरभीचा सासरा. लग्नात आपली भेट झालती. तुमाले वरण आवडलं होतं, म्याच वाढलं होतं. पोट्टीच्या पाकिटावून तुमचा पत्ता लिहून घेतला. आतलं अक्षरही वाचलं नाई, आईची आन. शुभम म्हणे का तुमी कॅमेऱ्याचे डाक्टर हा. म्हणून हा कागद.

सुरभीचा डब्बा सारखा बंद पडून राह्यला. पोट्टी सुकून गेली. कालपासून तर माह्यासंग बोलणंच बंद हाय. ताट ठेवते अन् जाते. आज कागद टाकालेही माह्याजवळ देला नाई. माह्या हातून काई चुकलं का, समजून नाई राह्यलं.

मी तिच्या डब्ब्याले नावं ठेवतो हे खरं हाय. लोकाइच्या मोरं तर जास्तच ठेवतो. काऊन का, नजर वाईट, रूपरावजी. माह्या मोठ्या भावानं नव्या बैलजोडीची गावभर तारीफ केली. आठ दिवसात एक बैल बसला तो उठलाच नाई. तवापासून माह्या घरातल्या चांगल्या वस्तूले मी चांगलं म्हणत नाई. उज्वला बारावीत पहिली आली तवा मी म्हटलं, मास्तर येडा असन. दिवाळीत हिंगणघाटच्या बाजारात एक जण सगळ्यासमोर बोलला, भैय्याजी, तुमच्या सुनेसारखे फोटो जिल्ह्यात कोणी काढत नाई. मी म्हटलं, आता लागली नजर. घरी आलो अन् तवापासून उपाय सुरू केला.

तिचं काम असलं का सकाऊन देवपूजा झाल्यावर मी तिच्या डब्ब्यालेही हयद-कुकू लावतो. पेरणीले निघतांनी तिफनीले लावतो तसं. सुनेच्या खोलीत जाणं बरं नाई, पण ती अंघोळीले गेली का जातो अन् झटकन येतो. झाकणाले लावून काय होते, ते झाकणालेच पोचते. म्हणून झाकण काढतो अन् आतल्या कायाकुट्ट पापणीले लावतो. एक बोट हयद, एक बोट कुकू. लय हळू लावतो, लेकराच्या कपाळाले लावाव तसं.

तरी डब्बा बंद पडते! मंग मी कुकू वाढोलं. आंधी एक बोट होतं, आता दोन लावतो. तरी फरक नाई. माह्याच पुजेत काई कमी पडून राह्यलं का? दुसरा काई उपाय असन तर कळवा. उज्वलाचे फोटो सुरभीच काढीन, हे माह्या मनात पक्कं हाय. दुसऱ्या फोटोवाल्याले मी कवाच सांगितलं नाई, नुसतं तोंडानं म्हणतो.

हे तिले सांगू नका. सांगितलं का उपाय फुका जाते म्हणतात.

भैय्याजी

•

नाचणगाव
९ फेब्रुवारी

सुरभी बेटा,

डाकेची वाट पाह्यली तर तुही सोमवारची गाडी निघून जाईन. म्हणून शेजारच्या अंकुशले मोटरसायकलवर पाठवून राह्यलो. सामान बांधलं असन तर त्यावरच बसून वाच.

तुही पुडी उघडली. मी तंबाखू खातो, चुन्याची डबी खिशातच राह्यते. पिवळ्या कणावर ओला चुना लावला. तो लालभडक झाला. मिरचीचं बी चुन्यानं लाल होत नाई, पोरी. हळद होते. अन् लाल भुकटी बोटावर चोळून जिभेले लावली. कुंकू हाय ते. आत तिखट नाई, हळद-कुंकू हाय. तूही ओळखलं असतं, पण राग आला का कुंकूही तिखट दिसते.

आता कोणी लावलं, काऊन लावलं, ते मी सांगत नाई. ते सांगणं माहं काम नाई. एवढंच सांगतो, कोणाच्या कॅमेऱ्याचं वाईट व्हावं म्हणून कोणी त्याले हळद-कुंकू लावत नाई.

चूक माही हाय. कॅमेऱ्याच्या हिशेबानं मी तुले इचारलं, कोण घरी नव्हतं. तो सवाल वस्तूसाठी बरा हाय, माणसासाठी खराब. अन् हे मी काई पहिल्यांदाच नाई केलं. तुह्या बापानं तुले कवा सांगितलं का, का आमी सहा वर्ष बोललो नाई? माह्या डार्करूममधे एका लग्नाचा पुरा रोल उजेड लागून वाया गेला. त्या दिवशी दुकानात फक्त नानाजी होता. मी म्हटलं, तूच दार उघडलं. तो नाई म्हणे. मी ऐकलं नाई. मी कागदावर हिशेब मांडला होता नं! सहा वर्षांनी छताचा टीन बदलाले काढला तर त्याले खिळ्याएवढं भोक. दुपारी उन्हाची तिरीप सरळ टेबलावर पडे. मी तसाच सायकलनं देवळीले गेलो. नानाजी गोठ्यात होता. मी काई बोलायच्या आंधीच म्हणे, "ये दादा, जेवाले बस." त्यानं मले एक शब्द इचारला नाई. ते सहा वर्ष मले कोणी वापस देत नाई, बेटा.

तू सोमवारी जाजो नको. जायचंच असन तर एकदा त्या माणसाले तोंडावर इचारून जा.

रूपराव

•

नाचणगाव
९ फेब्रुवारी

भैय्याजी, रामराम.

वरण ध्यानात हाय. तुमी अन् तुमच्या सुनेनं एकाच दिवशी टाकलेले कागद मले एकाच दिवशी भेटले. तुमची पूजा कमी नाई पडली. जास्त झाली.

राग मानू नका. कॅमेऱ्याच्या आतल्या त्या पात्या कांद्याच्या पापुद्र्याएवढ्या बारीक असतात अन् डोळ्याची पापणी लवायच्या आंधी उघडून मिटतात. त्यांच्यात कुंकवाचा एक कण गेला तरी त्या अडकतात. डब्बा तुमच्या बोटानं बंद पडते.

मी सुनेले तुमचं नाव सांगितलं नाई. तुमीच सांगा. आजच सांगा, उद्या नको. ती काय समजून बसली हाय ते मी लिहीत नाई, लिहिलं तर तुमाले जेवण जाणार नाई. उपाय फुका गेला तर जाऊ द्या. पोरगी जाऊ देऊ नका.

रूपराव

•

अल्लीपूर
२७ फेब्रुवारी

ती. मोठेबाबा,

इतके दिवस लिहिलं नाही. लग्नघर होतं, आणि लिहायला बसले की रडू यायचं. आज सगळं सांगते.

त्या रविवारी अंकुशभाऊ आले आणि त्यांनी दोन पाकिटं दिली. एक माझं, एक मामाजींचं. त्यांना तुमचं पत्र कसं, ते मला कळेना. ते पाकीट घेऊन मामाजी वावरात निघून गेले. मी खोलीत जाऊन माझं वाचलं. हळद-कुंकू हे शब्द तीनदा वाचले. मोठेबाबा, तुम्ही नाव लिहिलं नाही, पण त्यांचं बोट मी पाहिलं होतं. मी तशीच वावरात गेले.

मामाजी टमाटरच्या वाफ्याजवळ बसले होते. पत्र मांडीवर होतं. मला पाहून उठायला गेले, उठता आलं नाही. म्हणाले, "बाई, तुहा डब्बा म्याच बिघडोला. तुहं चांगलं व्हावं म्हणून लावत होतो, देवाची आन." आणि बैल, नजर, बाजारातला तो माणूस, सगळं सांगत सुटले. मला वाटलं गप्प बसावं, पण मनात ठेवून इथे राहणं जमलं नसतं. मी म्हटलं, "मामाजी, मला वाटलं तुम्ही तिखट घालता."

त्यांनी मांडीवरचं पत्र बाजूला ठेवलं. मग म्हणाले, "तिखट? माह्या पोरीच्या डोयात मी तिखट टाकीन?" आणि तो एवढा मोठा माणूस दुपट्ट्यात तोंड घालून रडला. मीही तिथेच मातीत बसले. सासूबाई शोधत आल्या तेव्हा आम्ही दोघंही रडत होतो. त्यांना वाटलं टमाटरवर रोग पडला.

मंगळवारी मामाजी स्वतः माझ्यासोबत नागपूरला आले. एसटीत पूर्ण रस्ता पिशवी मांडीवर, कोणाला टेकू देईनात. दुरुस्तीच्या ठिकाणी मुलाने कॅमेरा उघडला, भिंग लावून पाहिलं आणि विचारलं, "मॅडम, आत हे लाल काय आहे?" मी काही सांगायच्या आत मामाजी उभे राहून म्हणाले, "कुकू हाय. म्या लावलं." दुकानातली सगळी गिऱ्हाइकं वळून बघायला लागली. तो मुलगा हसला नाही, मोठेबाबा. म्हणाला, "बाबा, माझी आजी पण माझ्या मोटरसायकलच्या टाकीत तुळशीचं पान टाकायची." पडदा पूर्ण बदलावा लागला. २० तारखेला कॅमेरा हातात आला.

लग्न झालं. सकाळी हळदीपासून मी उभी होते. एकदाही पाटी आली नाही. अंतरपाट निघाला तेव्हा माझं बोट बटणावरच होतं. मिळाला फोटो! अक्षता हवेत आणि उज्वला मान वर करून हसते आहे. दुसऱ्या फोटोवाल्याचा विषय कोणी काढला नाही. फक्त तिच्या सासऱ्यांनी पुन्हा विचारलं, "सून फोटो चांगले काढते काहो?" मामाजींनी तोंड उघडलं, माझ्याकडे पाहिलं, मिटलं आणि म्हणाले, "बरे काढते." त्यांच्या तोंडून 'बरे' म्हणजे काय, ते घरात आता सगळ्यांना माहीत आहे. सासूबाईंनी लगेच दोन्ही हातांनी माझ्यावरून बोटं मोडली.

मग निरोपाची वेळ आली. गाडी दाराशी लागली होती. उज्वला एकेकाच्या गळ्यात पडत होती आणि मी काढत होते. आईच्या, शुभमच्या, मावश्यांच्या. शेवटी ती मामाजींपुढे आली. ते दिवसभर आचाऱ्यावर ओरडत होते, पाहुण्यांना पंगतीत बसवत होते. ती गळ्यात पडली आणि ते आतून मोडले. त्यांचा चेहरा असा मी कधी पाहिला नव्हता. तोंड वेडंवाकडं झालं, दुपट्टा खाली पडला. माझ्याच्याने बघवेना. बापाचं असं रडणं कॅमेऱ्यात धरू नये असं वाटलं आणि मी कॅमेरा खाली केला.

त्यांनी उज्वलाच्या खांद्यावरून मला पाहिलं. रडतारडताच म्हणाले, "काऊन थांबली बाई? काढ. मले आता काई दिसून नाई राह्यलं. मंग पाहीन."

मी काढला, मोठेबाबा. अकरा काढले. पडदा प्रत्येक वेळी उघडला आणि मिटला.

काल ते फोटो घरी मोठ्या पडद्यावर लावले. मामाजी खुर्ची ओढून अगदी जवळ बसले. लग्नाचे सातशे फोटो त्यांनी भराभर जाऊ दिले. त्या अकरांपाशी थांबले. एकेक दहा-दहा मिनिटं पाहिला. उज्वलाचा हात त्यांच्या पाठीवर कुठे होता, ते त्यांना त्या वेळी कळलंच नव्हतं म्हणे. तो हात त्यांनी पडद्यावर बोट ठेवून मला दाखवला.

सुरभी